मुक्ताच्या तळहातावर ढोलकी

मंडळी, मी ढोलकीवाला. लोकगीतांच्या दौऱ्यावर केनियाला गेलतो, कालच कोल्हापूरला परतलो. केनियात कर्णबधिर मुलांच्या शाळेत महिनाभर फुकट शिकवलं. मुलं ढोलकीला तळहात लावून ठेका ओळखायची.

आज सकाळी बायकोला कौतुकानं व्हिडिओ दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "लई चांगलं केलंसा. मग आपल्या मुक्ताला का न्हाय शिकवलंसा?"

आमच्या नऊ वर्षांच्या मुक्तालाही ऐकू येत नाही. तिला वाईट वाटेल म्हणून मी तिच्यासमोर कधी वाजवतच नव्हतो.

लगेच ढोलकी काढली, तिचे तळहात लाकडाला टेकवले आणि वाजवू लागलो. ती दचकली, मग हसली. मी थांबलो की माझा हात धरून पुन्हा ढोलकीवर ठेवायची.

आपल्याच माणसाला न विचारता आपण किती गोष्टी ठरवून टाकतो, नाही का?