मधलीनं पारखून आणलेला लॅपटॉप

मधली सून भरतकाम करते. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. त्यात ते सुयांचं मोठं यंत्र, आणि यंत्राला नक्षी पुरवायला लॅपटॉप. तो लॅपटॉप म्हणजे पिकलं पान! झाकणाला दोऱ्याच्या रिळाचा टेकू, आणि ऐन कामात डोळे मिटायचा. त्यात शाळेच्या चारशे बिल्ल्यांचं काम आलं. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "शुक्रवारी हातात पडले, तर दरवर्षीचं काम तुमचंच."

आता आली का पंचाईत! नव्या लॅपटॉपची किंमत ऐकूनच घाम फुटायचा. मग मधली नणंदेला घेऊन जुन्या लॅपटॉपच्या दुकानात गेली. नणंद ऑफिसात असते, तिला त्यातलं कळतं असं सगळ्यांचं मत. तिचं तर फारच पक्कं मत!

दुकानदारानं एकाच किमतीचे दोन पुढे ठेवले. एक पातळ, चकाचक. दुसरा काळा, जाडजूड, बटणांवरची अक्षरं पुसलेली.

"वहिनी, हा पातळ घे गं. चारचौघांत शोभेल."

"वन्सं, मला काय तो मिरवायचाय?"

मधलीनं दोन्ही उलटे केले. बापाच्या हाताखाली शिलाई मशिनी खोलण्यात तिचं बालपण गेलेलं. तिनं स्क्रूंवरून बोट फिरवलं. पातळ लॅपटॉपच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या, आणि एक स्क्रू तर भलत्याच जातीचा.

"हा कितीदा खोललाय, दादा?"

"एकदाच, ताई. साफसफाईला."

"एकदा खोलून खाच अशी झिजत नाही हो."

दुकानदार कान खाजवायला लागला. "आतून एकदम ओके आहे."

"मग लावू की कामाला!" मधलीनं बटव्यातून पेन ड्राइव्ह काढला. नक्षीचा प्रोग्रॅम त्यातच, आणि शाळेचं चिन्हही. सूर्य, पुस्तक, भोवती बारीक पानांची माळ, हजारो टाक्यांचं. दोन्हीकडे तेच चालू केलं, वायरी काढल्या, आणि दोन्हींच्या पोटाखाली एकेक हात घालून बसली स्टुलावर.

"ताई, लॅपटॉप घेताय की त्याचा ताप बघताय?"

"तापच बघतेय. मला दोन दिवस अखंड काम घ्यायचंय त्याच्याकडून."

"वहिनी, लोक बघतायत," नणंद कुजबुजली.

"बघू देत. तिकीट थोडंच आहे?"

वीस मिनिटांत पातळ राव घरघरायला लागले, तव्यासारखे तापले, आणि पडदा काळा! दुकानदार म्हणाला, "आज काय झालं याला कोण जाणे." शेजारी काळा मात्र म्हशीसारखा शांतपणे रवंथ करत होता. तास झाला तरी अंग कोमट, बॅटरी निम्म्याच्या वर.

"हाच द्या," मधली म्हणाली. "आणि अक्षरं पुसलीत, तेवढे कमी करा."

दुकानदारानं हात जोडले आणि कमी केले.

काळ्यानं दोन दिवस हूं की चूं केलं नाही. शुक्रवारी सकाळी शाळेत चारशे बिल्ले पोचले. मोठ्या बाईंनी एक उजेडात धरला, पानांच्या माळेवर अंगठा फिरवला. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी साडेचारशे लागतील."

"जरा आधी सांगा म्हणजे झालं," मधली म्हणाली. अगदी साध्या आवाजात हो! पण घरी आली तेव्हा तिची चाल अशी, की रस्ता तिनंच बांधलाय.