पेन्सिलीचा बिंदू

चंद्रपूरच्या एका सरकारी कार्यालयात मी आस्थापना शाखेचा कारकून होतो. बिंदुनामावलीची वही माझ्या ताब्यात असे. कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला राखीव, हे तिच्यातले बिंदू ठरवत. पहिल्याच पानावर माझंही नाव होतं, निळ्या शाईत. आमच्या घरातला पहिला नोकरदार मी, तोही अशाच एका बिंदूवर लागलेला. त्यामुळे ती वही मी जरा तोऱ्यातच उघडायचो.

आमच्याकडे एक रीत होती. निवड झाली की नाव आधी पेन्सिलीनं लिहायचं, नागपूरहून वही तपासून आली की शाईनं गिरवायचं. शिपायाच्या एका पदावर मोहर्लीकडच्या गोंड बाईचं नाव मी असंच पेन्सिलीनं लिहिलं. तिचा नवरा वारलेला, आणि वयाची अट ओलांडायला थोडेच महिने उरलेले. त्या उन्हाळ्यात ती एसटीनं फेऱ्या मारायची. पळसाच्या पानात बांधलेली टेंभरं, तेंदूची पिकली फळं, माझ्या टेबलावर ठेवायची नि विचारायची, "भाऊ, माहा बिंदू शाईचा कधी होईन?"

"सरकारी काम बाई, सहा महिने थांब," मी म्हणायचो. ती हसायची.

मग परिपत्रक आलं. त्या वर्षांत आरक्षण मोजायची रीतच बदलत होती. आधी रिकाम्या जागा मोजायचो, आता एकूण पदं मोजा म्हणाले. नव्या हिशेबानं तिचा बिंदू खुल्या प्रवर्गात जात होता. साहेबांनी सही केली, मी खोडरबर घेतला. नियम काटेकोर पाळल्याचं मला समाधानसुद्धा वाटलं, याची आज लाज वाटते.

त्या जागी दुसरा माणूस रुजू झाला. पुढे एकदा तेच परिपत्रक फाइलला लावताना मी पान उलटलं. मागे पुसट अक्षरांत एक ओळ होती: निवड आधीच झालेली असल्यास जुनाच बिंदू धरावा. पाठपोट छापलेला कागद मी एकाच बाजूनं वाचला होता.

तिच्या वयाची मुदत संपायला तेव्हाही तीन आठवडे होते. टिपणी लिहून चूक सुधारता आली असती. पण टिपणीत ती चूक माझी आहे असं लिहावं लागलं असतं, आणि माझी बढती तोंडावर आली होती. मी भ्यालो. फाइल बांधून ठेवली. बढती मिळाली.

पेन्सिल मी दाबून लिहितो. वही जरा तिरपी धरली की त्या माणसाच्या नावाखाली तिच्या नावाचे वळ दिसायचे. भद्रावतीला बदली झाली, वही सुटली. पण कोरा कागद समोर आला की त्यावरही मला ते वळ दिसायचे.

बऱ्याच वर्षांनी मुलांना जंगल दाखवायला मोहर्लीला गेलो. खानावळीच्या मागे ती भांडी घासत होती. तिनंच ओळखलं.

"बाई, तो नियम..." मी सुरुवात केली.

"राहू द्या भाऊ. नियमाले कोन काय करन? तुम्ही आपले मानूस होते, म्हनून पेन्सिलीनं तरी लिवलं."

हात पुसून तिनं पळसाच्या पानात टेंभरं बांधून दिली. परिपत्रकाच्या मागच्या पानाबद्दल मी काही बोललो नाही. टेंभरं घेतली.