दाराखालची चप्पल

माझ्या लेकीने मोरोक्कोचं तिकीट काढलं तेव्हा तिची मैत्रीण सोबत जाणार होती. मग मैत्रिणीची रजा मंजूर झाली नाही. लेक म्हणाली, "मग मी एकटीच जाते. आठच दिवस तर आहेत." ती तेवीस वर्षांची आहे. इथे आखातातच, सिलिकॉन ओएसिसमध्ये एका ऑफिसात नोकरी करते. तिचे अब्बा गेल्यापासून मी तिच्याच व्हिसावर आहे, आम्ही दोघी अल कुसैसला राहतो. मी तिला हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. मला पटकन बोलताच येत नाही.

भाईला कुठून कळलं कोण जाणे. भाई म्हणजे माझा मोठा भाऊ. शनिवारी दुपारी सुरमई घेऊन आला. आधी जेवला. हात धुतले, सोफ्यावर बसला आणि लेकीला म्हणाला, "मोरोक्को म्हणजे काय शारजा वाटली तुला? संध्याकाळी बस पकडून परत यायला?"

"मामू, खूप मुली जातात."

"गोऱ्या जातात. त्यांना विचारणारं कोणी नाही. एकटी पोरगी दिसली की तिथे लोक मागे लागतात."

"आय नो. मी सगळं वाचलंय."

"मोबाइलवर वाचून सेफ्टी होते का? तिथे आपलं माणूस कोण आहे? काही झालं तर फोन कुणाला लावशील?"

आपलं माणूस. मी ताटं उचलत होते, तिथेच थांबले.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा याच भाईने मला एकटीला विमानात बसवलं. चौथीनंतर शाळा सुटलेली, रत्नागिरीच्या पुढे कधी गेले नव्हते. घरकामाला आखातात जायचं तर बाई तिशीच्या पुढची लागते, असा तेव्हा सरकारी नियम होता. बाईच्या सुरक्षेसाठीच केलेला. भाईने एजंटला गाठून माझ्या पासपोर्टवर वय एकतीस लावून घेतलं. ते अजून तसंच आहे. दवाखान्यात नर्स कागद बघून मला खुर्ची देते आणि लेकीला म्हणते, तुझी आई वयाच्या मानाने छान दिसते. विमानतळावर अम्मा रडत होती. भाई तिला म्हणाला, "रडतेस कशाला? आपल्याच माणसाच्या घरी चाललीय." ते घर आमच्याच तालुक्यातल्या एका शेठचं होतं. एकटी पोरगी हा शब्द त्या दिवशी कोणी काढला नाही.

"तू काय वाचलंस ते तरी सांग मामूला," मी लेकीला म्हटलं. एवढंच सुचलं.

तिने मोबाइल उघडला. इंग्रजीत वाचायची आणि तिच्या मोडक्या मराठीत सांगायची. एकटी आहे असं कोणाला सांगायचं नाही. बोटात अंगठी घालायची आणि नवरा हॉटेलवर थांबलाय म्हणायचं. टॅक्सीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचं. कोणी उगाच मदत करायला आला तर थांबायचं नाही.

मी ऐकत होते. हे सगळं मी केलेलं होतं, मला ते कोणी शिकवलं नव्हतं. शेठच्या घरचं सामान आणायला मी बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, जायची. तिथे कोणी विचारलं तर सांगायची, माझा नवरा उम्म अल कुवैनला कामाला आहे. तेव्हा माझं लग्नच झालं नव्हतं. तो खोटा नवरा मी दोन वर्षं उम्म अल कुवैनला कामाला ठेवला होता.

भाई हसला. "खोट्या अंगठ्या घालून फिरणार. वा."

"आणि एक डोअर स्टॉपर," लेक म्हणाली. "दार आतून ब्लॉक करायला. ऑर्डर केलाय, अजून आला नाही."

"ते कशाला विकत घ्यायला हवं?" मी म्हटलं. "चप्पल पुरते."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी ताटं खाली ठेवली. दाराजवळची माझी रबरी चप्पल घेतली आणि आतल्या खोलीचं दार लोटून खाली बसले. "हे बघ. पुढचं टोक फटीत सारायचं. आता टाचेवर पाय देऊन दाब. बाहेरून जितकं ढकलतील तितकी घट्ट बसते."

लेकीला गंमत वाटली. "अम्मी, यू आर टू मच."

"पण आधी फरशी कोरडी कर. ओली असली की सरकते."

"तुला कसं माहीत?"

"एकदा ओली होती."

मी हे बोलेन असं मलाच माहीत नव्हतं. शेठच्या घरी मी स्टोअरमध्ये झोपायची, तांदळाच्या गोण्यांजवळ. त्या दाराला आतून कडी नव्हती. शेठ घरात नसले की मला छान झोप लागायची. असले की चप्पल.

लेकीच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. ती भाईकडे बघत राहिली. भाई फरशीकडे बघत होता. शेठशी त्याचं येणंजाणं आजही आहे. ईदला पहिला फोन त्यांनाच जातो. कोणाचं घर, हे भाईला सांगावं लागलं नाही. मी त्या एकाच घरी काम केलं होतं.

मग तो म्हणाला, "हे तू आजवर कोणाजवळ बोललीस का?"

इतक्या वर्षांत हे कधी बोलावं लागलंच तर भाई काय म्हणेल, याचा मी खूप विचार केला होता. रडेल, असं वाटायचं. कधी वाटायचं, मलाच मारेल. हा प्रश्न मी धरला नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

"मग खलास. आता काढू नको." तो उठला. दाराशी जाऊन लेकीला म्हणाला, "तुझी अम्मी काय म्हणते ते ऐक." मी नको म्हणेन अशी त्याची खात्री होती. आजवर त्याच्या मनाविरुद्ध मी काही म्हटलेलं नाही.

लेक म्हणाली, "अम्मी, तू नको म्हणालीस तर मी आत्ता तिकीट कॅन्सल करते. प्रॉमिस."

भाई बुटात पाय घालत थांबला होता.

"जा," मी म्हटलं. "आणि खोली घेताना कडी आतून आहे का ते आधी बघ."

त्याने दार जोरात लावलं नाही. नेहमीसारखंच लावलं.

लेकीने तिथे पोचल्यावर पहिला फोटो पाठवला तो दाराचा. आतून कडी, वर साखळी. खाली फटीत तिची निळी चप्पल, टोक आत, टाच बाहेर. फरशी पुसलेली दिसत होती. आठ दिवसांनी ती उन्हाने काळवंडून परत आली. तिला त्रास झाला तो एका दुकानदाराचा, त्याने तिला चामड्याची पिशवी दुप्पट भावात विकली.

भाईचा फोन येतो. पोरगी नीट आली का, हे त्याने विचारलं. माझ्या शुगरचं विचारलं. ओल्या फरशीच्या दिवशी काय झालं, हे त्याने अजून विचारलेलं नाही.