सुभद्रेची सुरमई झाली तेव्हा

मुंबईत प्लेग यायच्या दोन-तीन वर्षं आधी लालबागच्या एका चाळीत कुशाबा नावाचा गिरणीकामगार राहायचा. मालवणाकडचा, उंच, काटकुळा आणि गळ्यानं गोड. गोड म्हणजे खरंच गोड. फक्त फार हळू. त्यानं एखादं अक्षर लांबवलं की खोलीतला सोबती गणपत कळशी घेऊन नळावर जाई, रांगेत उभा राही, कुणाशी तरी भांडण उरकी आणि भरली कळशी घेऊन परत येई, तरी कुशाबा त्याच अक्षरावर. एकदा गणपतनं काकुळतीला येऊन विचारलं, "बाबा रे, ह्यो तुजो 'गं' आज संपतलो मां?"

कुशाबाची बायको सुभद्रा गावी होती. खोलीत सहा पुरुष; बायकोला आणणार कुठं? तिच्या आठवणीनं एका रविवारी त्याला गाणं सुचलं. जन्मात पहिलंच.

*आगबोटीचा भोंगा झाला, जीव माझा दारी गं,*
*येशील कधी सुभद्रे, मी उभा किनारी गं.*

नवऱ्यानं बायकोचं नाव असं उघड्यावर घ्यायची रीत नव्हती. पण इथं ना आई ना आत्या, ऐकणार कोण? ऐकणारी होती. चाळीच्या तळाला राधाबाईंची खानावळ होती आणि तिच्या पायरीशी वरळीची सोनूबाई कोळीण मासळी कापत बसे. आवाज असा की तिनं परळला हाक दिली तर लालबागची मांजरं उठून बसत. वरून कुशाबाचं गाणं ठिबकत होतं आणि खाली सोनूबाईचा कोयता चालत होता. हळूहळू गाणं कोयत्याच्या ठेक्यात सापडलं. दुसऱ्याच दिवशी ती पाटी डोक्यावर घेऊन गल्लीत शिरली ती गातच:

*भोंग्याआधी आली माझी पाटी तुझ्या दारी गं,*
*घेशील कधी सुरमय, का नेऊ माघारी गं?*

पाटी घटकेत रिकामी. ज्यांच्या घरी मासळीचं वशाट चालत नव्हतं, त्याही बायका दारात येऊन मान डोलवून गेल्या.

आठ-पंधरा दिवसांत ते गाणं गिरणीत पोचलं. सूतखात्यात यंत्रांच्या खडखडाटाला ते असं फिट्ट बसलं की मुकादमसुद्धा शिव्या चालीवर देऊ लागला. कुशाबा छाती पुढं काढून सांगे, "ह्यां गाणां माजां आसा!" मग लोक म्हणत, "तर म्हणून दाखव." तो डोळे मिटून सुरू करी. दुसऱ्या ओळीला डोळे उघडून बघावं तर समोर कुणी नाही.

"कोळणीचं गाणं चोरतो," एक जण म्हणाला, "आणि वर वाट लावतो."

त्या दिवशी कुशाबा जेवला नाही. राधाबाईंनी समजूत घातली. "अरे, माझ्या सासूबाईंची आमटी मी त्यांच्याकडूनच शिकले. पुढं त्यांनीच माझ्याकडं दोनदा मागून घेतली. त्यात त्यांचा काय अपमान झाला?"

"पण तुमच्या आमटीत कुणी बायकोच्या जागी मासा घातला काय?" कुशाबा म्हणाला. राधाबाईंनी त्याचं ताट झाकून ठेवलं.

शिमग्याला गिरणीतले लोक गावी गेले, ते गाणं घेऊनच. पुढं चैत्रात गणपतच्या ओळखीनं त्याच चाळीत एक वेगळी खोली मिळाली आणि कुशाबानं सुभद्रेला बोलावून घेतलं. भाऊच्या धक्क्यावर तो पहाटेपासून उभा. आगबोट लागली, ट्रंक आणि बोचकं सावरत सुभद्रा उतरली, आणि कुशाबानं तिथंच, हमालांच्या गर्दीत, गाणं सुरू केलं. 'आगबोटीचा' हा एकच शब्द संपेस्तोवर अर्धी बोट रिकामी झाली.

सुभद्रा हसून म्हणाली, "अवो, ह्यां आमका येता! गावात सगळी बायलां ह्याच गाण्यार भात कांडतत. पण तुमी त्यातली सुरमय खंय हरवलास? आणि कोण ती सुभद्रा?"

"कोण म्हणजे? तूच! सुरमय मागसून एका कोळणीनं घातल्यान."

तिनं जीभ चावली, पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला आणि घोड्यांच्या ट्राममध्ये शेवटपर्यंत तो वर केला नाही. "आक्ख्या मुंबयत माजां नाव गायलास?" ती पदराआडून म्हणाली. "त्या कोळणीचे उपकार मानूक होये. तिणां निदान माशाचां नाव घातल्यान."

आता मात्र कुशाबाला राहवेना. येत्या रविवारी खानावळीच्या अंगणात दोघांनी गावं आणि कुठलं गाणं सरस ते चाळीनं ठरवावं, असं त्यानं सोनूबाईला आव्हान दिलं. तीही हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीची वेणी माळून आली.

आधी कुशाबा. त्यानं देवाचं नाव घेतलं आणि सूर लावला. पहिल्या ओळीला म्हातारे पेंगले. दुसऱ्या ओळीला मात्र नवल झालं. अंगणात पाच-सहा तान्ही मुलं आयांच्या मांडीवर किंचाळत होती. ती एकेक करत गप्प झाली. एकीचा पोरगा तर दात येत असल्यानं चार दिवस झोपला नव्हता, तो घोरू लागला. त्याची आई भीत भीत कुजबुजली, "कुशाबादादा, थांबू नका. तुम्हाला शपथ आहे!"

मग सोनूबाई उठली. तिनं पहिला शब्द उच्चारला आणि सगळी पोरं दचकून जागी झाली. पण म्हातारेही जागे झाले. अंगणभर टाळ्या, फुगड्या, राधाबाईंच्या हातात पळी. गर्दीत कुशाबाला दिसलं की नाकापर्यंत पदर घेतलेली एक बाई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवते आहे. ती सुभद्रा होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याचा स्वतःचा पाय ठेका धरत होता.

निकाल लागलाच नाही. तरण्यांचं मत सोनूबाईला, तान्ह्यांच्या आयांचं कुशाबाला. सोनूबाई घाम पुसत त्याच्याशेजारी टेकली. "तुजं गानं गुनी हाय रं," ती म्हणाली. "पन तू त्याला रांगवतोस. मी चालवलं."

"तू चालवलं नाय," कुशाबा म्हणाला, "तू पळवलं." आणि दोघंही हसली.

तेव्हापासून चाळीत कुशाबाला मान आला. पोर झोपेना की दारावर थाप पडे. सुभद्रेनं एकच अट घातली: नाव बदला. त्यानं 'सुभद्रे'च्या जागी 'निद्रे' घातलं. येशील कधी निद्रे! ते तर सगळ्यांनाच पटलं.

पुढच्या लग्नसराईत सोनूबाई एका सकाळी लालबुंद होऊन खानावळीत आली. मासे विकायला गिरगावात गेली होती, तिथं एका वरातीत बँडवाल्यांनी तिचं गाणं वाजवलं होतं. पितळी शिंगं, मोठा ढोल, आणि शब्द एकही नाही.

"माजी सुरमय गिळली मेल्यांनी!" ती ओरडली. "लोक नाचत काय होते, रस्ता बंद! सांग, हे काय गानं झालं?"

कुशाबानं तिला पाणी दिलं, बसायला पाट सरकवला आणि बराच वेळ गंभीर चेहरा ठेवायचा प्रयत्न केला.

"वरात खंयसून जाता?" शेवटी त्यानं विचारलं. "उद्या परत आसतली काय?"