अर्धा कोयता

सुभाकाकूला हळू बोलता येत नसे. उसाच्या फडात या टोकाहून त्या टोकाला हाका मारून तिचा गळा तसाच तयार झालेला. हायकोर्टाच्या व्हरांड्यात ती माझ्या कानाशी कुजबुजली, तरी शिपाई धावत बाहेर यायचा. "मी काय वरडले व्हय?" हे त्यालाच ओरडून विचारायची.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. काकूचा नवरा गेला आणि तेलगावात तिचं नाव पडलं अर्धा कोयता. अर्ध्याला टोळीत कोणी घेत नाही, म्हणून मुकादम दरसाल तिला दिराच्या जोडीला लावायचा. दीर दारू प्यायचा, प्याला की तिला मारायचा. सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावानं काय केलं? काही नाही. आम्ही सगळे शहाणे.

मग सरकारनं मजूर नोंदणीचा नियम काढला. एका कोयत्याला एकच ओळखपत्र, तेही पुरुषाच्या नावावर. दवाखान्याची मदतसुद्धा त्याच कार्डावर. काकू तडक माझ्या अंगणवाडीत आली. "बाई, आजवर मुकादम मला अर्धी म्हनायचा. आता सरकारबी म्हनतंय. कोर्टात जायाचं का?" एका वकीलताईंनी फुकट याचिका चालवली, सोबतीला मी.

तारखा नेमक्या हंगामात पडत. "कोर्टाला गाळप कावून कळत न्हाई?" काकू चिडायची. सुट्टीसाठी ती मुकादमाला 'माय गेली' सांगून यायची. माय इकडे ओट्यावर शेंगा फोडत असायची. "कितींदा मारतीस गं मला?" म्हातारी विचारायची आणि आम्ही तिघी पोट धरून हसायचो. एवढं मी नंतर कधी हसले नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. कोर्टानं तो नियम रद्द केला, बाईला तिच्या नावानं कार्ड द्या म्हणालं. कार्ड हातात आलं तेव्हा काकूनं फोटो पदरानं पुसला. "लई काळी आले," म्हणाली आणि रडली.

दसऱ्यानंतर ट्रक भरू लागले. कार्ड घेऊन ती मुकादमापुढे उभी राहिली. त्यानं ते नीट वाचून अदबीनं परत दिलं.

"कार्ड खरं हाय, काकू. पर जोडी कुठंय?"

"एखाद्या बाईसंगं लावा."

"मोकळी बाई हाय कुठं? समद्या जोडीत."

दुसऱ्या मुकादमांकडेही तेच उत्तर मिळालं. मला पुन्हा कोर्टात जावंसं वाटलं, पण कुणाविरुद्ध, ते सुचेना. दीर आधीच ट्रकवर चढून बसला होता. त्यानं तिला वर घ्यायला हात खाली केला. काकूनं कार्ड पोलक्यात खोचलं आणि तोच हात धरून वर चढली.