रोज दोन गोळ्या, दर रविवारी पेपर

वीस वर्षं शिकवून झाल्यावर मलाच परीक्षेला बसायचं होतं. पात्रता परीक्षा पास झाला नाहीत तर नोकरी जाईल, असा नियम आला आणि जिंतूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत सगळ्यांचे चेहरे उतरले. दीडशेपैकी नव्वद हवे होते. घरी एक जुना पेपर सोडवून पाहिला, तर अडुसष्ट.

तब्येतीने मी ठणठणीत, पण वाचलेलं टिकेना. मग मेडिकलमधून स्मरणशक्तीच्या गोळ्या आणल्या.

"नीट जेवायलीस, नीट झोपायलीस. तुला कशाला गोळ्या?" हे म्हणाले.

मला त्यांचा संताप आला. नोकरी माझी जाणार होती, त्यांची नाही.

दर रविवारी दुपारी पेपर सोडवायचा आणि लाल पेनाने तपासायचा. अडुसष्टचे एकोणऐंशी झाले, मग एक्क्याण्णव, मग एकशे चार. मी हुरळून गेले. शेजारच्या वर्गावरच्या मॅडमनाही डबी दाखवली. त्यांच्या एकटीच्या पगारावर घर चालतं. त्यांनी त्याच दिवशी गोळ्या घेतल्या आणि माझ्या पेपरची झेरॉक्सही नेली.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना लेक परभणीहून दुसरा पेपर घेऊन आली. तो सोडवला. एकाहत्तर. पुन्हा तपासला, तरी एकाहत्तरच.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. दीड महिना मी एकच पेपर सोडवत होते. चाचणीला तोच पेपर परत दिला की चौथीची पोरं धडाधड लिहितात, हे नव्या शिक्षकांना मीच ऐकवत असते. गोळ्यांनी काही झालं की नाही, देव जाणे. मार्क पाठांतराने वाढले होते. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"बाई, गोळ्यांनी लय फरक पडायलाय बघा. आज एकशे दहा पडले. मी तर आता पुस्तकं बांधूनच ठेवली."

"कोणता पेपर सोडवलात?" उत्तर माहीत असून मी विचारलं.

"तुमचाच की. दर रविवारी तोच सोडवायले."

त्यांच्या आवाजात इतका आनंद मी कधी ऐकला नव्हता.

"मॅडम, तो फाडून टाका," मी म्हणाले, "आणि बांधून ठेवलेली पुस्तकं घेऊन आत्ता माझ्याकडे या. आपण दोघीही अजून नापास आहोत."