विमानाची शेपटी

माझे काका फ्रेमवाले. उभा जन्म लोकांचे फोटो काचेआड घातले, पण फोटोच्या मापाची फ्रेम त्यांनी कधी केली नाही. हाताशी असेल त्या फ्रेमच्या मापाने फोटो कापायचा, हा त्यांचा खाक्या. कुणाचा कान गेला, कुणाची अख्खी सासू गेली, यांना सोयरसुतक नाही. "कडेचं कोण बघतंय?" म्हणायचे. कापलेली पट्टीसुद्धा वाया घालवायचे नाहीत. मागचा पुठ्ठा हलू नये म्हणून तिथेच कोंबायचे. याला ते कारागिरी म्हणत.

दुकानात त्यांच्या डोक्यावर आजोबांचा फोटो होता. मागे विमान, पुढे छाती काढून आजोबा. आजोबा विमानांत इंधन भरायचे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. पण गिऱ्हाइकांपुढे काकांनी त्यांना केव्हाच वैमानिक करून टाकलं होतं, आणि विमानाला लढाऊ.

यंदा विमानांच्या एका संग्रहालयाने लोकांकडून जुने फोटो मागवले आणि काकांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी फोटो मोबाइलवर पाठवला. तिथल्या बाईंचा फोन आला.

"एकावर एक दोन पंख आहेत, पण अशी विमानं बऱ्याच प्रकारची होती. शेपटी आणि तिच्यावरचा नंबर दिसला तर सांगता येईल."

"याला शेपटी नव्हतीच," काकांनी ठोकून दिलं.

फोन स्पीकरवर होता. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांची धाकटी बहीण, माझी आत्या, शेजारीच बसली होती. ती तान्ही असताना तिची आई गेली. आई दिसायची कशी, एवढंच तिला जन्मभर हवं होतं, आणि काकांचं उत्तर ठरलेलं, "आईचा फोटो नाही."

"तूच कापली असशील शेपटी," आत्या म्हणाली. "उघड ती फ्रेम."

काकांनी कुरकुरत गंजलेले खिळे उपटले. पुठ्ठ्यामागे पट्टी होतीच. काकांनी झडप घालून नंबर फोनवर वाचून दाखवला.

"शिकाऊ वैमानिकांचं विमान," बाई म्हणाल्या. "लढाईला कधी गेलं नाही."

काकांचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं, कशाला खोटं बोलू?

आत्याने पट्टी हातात घेतली. शेपटीला टेकून एक बारीकशी बाई उन्हाने डोळे बारीक करून हसत होती. नाक हुबेहूब आत्याचं.

"दादा, ही कोण?"

काकांनी चष्मा वर केला. "आई," ते म्हणाले. "कडेला उभी होती. मापात बसेना."

एवढंच. माणसाची जीभसुद्धा अडखळली नाही. मला त्यांची इतकी चीड कधीच आली नव्हती.

आत्या पट्टी छातीशी धरून उठली.

"अगं, शेपटी ठेव," काका म्हणाले, "संग्रहालयाला द्यायचीय."

आत्या दारात थांबली.

"कडेचं कोण बघतंय, दादा?"